मृत्युपत्रातलं सांगणं

पंडित नेहरूंनी जून 1954 मध्ये मृत्युपत्रात स्वच्छ लिहून ठेवलं होतं: आपल्यामागे धार्मिक विधी करू नयेत, त्यांवर आपला विश्वास नाही आणि नुसती रीत म्हणून ते करणं हे ढोंग ठरेल. मूठभर रक्षा अलाहाबादला गंगेत सोडायला सांगितली, तीही त्यात धर्माचा काही संबंध नाही असं बजावून. त्या नदीवर त्यांचा लहानपणापासून जीव होता. मे 1964 मध्ये अंत्यसंस्कार मात्र मंत्रोच्चारांतच झाले. मला हे आजही खटकतं. दुसरीकडे, नेहरूंना पसंत नसताना तेव्हाचे राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद 1951 साली सोमनाथ मंदिरातल्या प्राणप्रतिष्ठेला गेले. राष्ट्रपतींनी जायला नको होतं, असं माझं मत; पण त्यांची श्रद्धा खरी होती आणि त्यांनी ती लपवली नाही, म्हणून त्यांच्याबद्दलचा आदर कमी होत नाही. चीड येते ती निवडणूक लागली की कॅमेरे घेऊन देवळं आणि दर्गे गाठणाऱ्यांची. आपल्या घटनेने पदाची शपथ ईश्वरसाक्ष घेण्याची किंवा देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची मुभा दिली आहे. देव न मानणाऱ्या उमेदवाराला हे प्रचारसभेतही उघडपणे सांगता यावं, आणि आपण मतदारांनी त्याचं काम बघूनच मत द्यावं.