मनीचे टेबल, आमचे टेबल

वाचकहो, निवृत्तीनंतर माणसाला एखादा छंद असावा, असे सगळेच सांगतात. त्या छंदात घरातल्या मांजरीलाही वाटा द्यावा लागतो, हे मात्र कोणी सांगत नाही. आम्हांला ते ठेच लागल्यावर कळले. आमच्या मागून येणाऱ्यांनी तरी शहाणे व्हावे, म्हणून आज हा विषय.

कारखान्यात वायरमन म्हणून आमची हयात गेली. हाताला सवय अशी की घरी आलो तरी स्क्रू-ड्रायव्हर सुटत नसे. निवृत्त झालो आणि कल्याणच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी एक टेबल मांडले. महिन्यातून एकदा ग्रँट रोडला उतरायचे, लॅमिंग्टन रोडवर हिंडायचे (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेले असले तरी आमच्या तोंडी जुनेच नाव), पिशवीभर आयसी, रेझिस्टर, कॅपॅसिटर घेऊन यायचे आणि वस्तीतल्या लोकांचे रेडिओ, अँप्लिफायर, चार्जर दुरुस्त करून द्यायचे. पैसे मिळत नाहीत, चहा मिळतो.

याच घरात नातीने एक मांजरी पाळली, तिचे नाव मनी. मनीला पिल्लू झाले, ती चिमी. मायलेकींना सगळे घर सोडून नेमके आमचे टेबल आवडे. स्क्रू एकेक करून पंजाने खाली ढकलायचे, सोल्डर वायरचे रीळ घरभर फिरवायचे, चालू अँप्लिफायरवर झोप काढायची. आम्ही ओरडायचो आणि आजी-नात तोंडाला पदर लावून हसायच्या. आम्हीही मनात हसायचोच. चूक तिथे झाली.

2023 सालच्या जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळची वेळ, टेबलावर एक बोर्ड उघडा आणि सोल्डरिंग आयर्न गरम होत ठेवलेले. दारात कोणी हाक मारली म्हणून आम्ही उठलो. दोन मिनिटांत आतून नातीची किंकाळी आली. टेबलाखाली लोंबणारी आयर्नची वायर चिमीच्या दातांत होती. पिल्लू ताठ झाले होते आणि त्याचा जबडा सुटत नव्हता. नात त्याला उचलायला वाकली. आम्ही आयुष्यात तिच्यावर एवढ्या मोठ्याने ओरडलो नव्हतो. "हात लावू नको!" म्हणत आधी मेन स्विच पाडला, मग प्लग उपटला. त्या एका क्षणात पिल्लू आणि पोर दोन्ही गेली असती.

चिमी उठून बसली. ओठाच्या कोपऱ्याला आणि जिभेला भाजले होते, बाकी काही दिसत नव्हते. वाचली म्हणून आम्ही सुस्कारा सोडला. पण रात्री ती तोंड उघडून धापा टाकू लागली. रिक्षा करून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, "काका, शॉक लागलेलं जनावर वरून बरं दिसतं. काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. लगेच आणायला हवं होतं." त्यांनी चिमीला प्राणवायू लावला, इंजेक्शने दिली. चार दिवसांनी ती घरी आली. नात मात्र आठ दिवस आमच्याशी बोलली नाही.

त्या आठ दिवसांत शेजारपाजारचे सल्ले भरपूर मिळाले. एक बाई म्हणाल्या, "मांजर गेलं असतं तर सोन्याचं मांजर काशीला द्यावं लागलं असतं हो!" आम्ही म्हणालो, "बाई, काशीला कशाला? दोष लोंबणाऱ्या वायरीचा. ती बांधली की झालं." दुसरे म्हणाले, पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून या. तिसऱ्याने टेबलाभोवती डांबराच्या गोळ्या ठेवायला किंवा फिनाइल शिंपडायला सांगितले.

हा तिसरा सल्ला फार घरांत चालतो, म्हणून त्यावर थोडे सांगतो. फिनाइलसारखे पदार्थ पचवून बाहेर टाकण्याची आपल्या यकृतात जी सोय असते, ती मांजराच्या यकृतात फारच तोकडी आहे. फिनाइलवरून मांजर चालते, मग पंजे चाटते आणि विष पोटात जाते. डांबराच्या गोळ्याही त्याला विषारीच. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी माणसाला चालते, पण साधारण याच कारणाने ती मांजराचा जीव घेते. तेव्हा मांजर हाकलण्यासाठी विष पसरू नका.

मग मांजर टेबलावर येते तरी का? राग बाजूला ठेवून पाहिले तर कारणे साधी आहेत. एक, ऊब. मांजराच्या अंगाचे तापमान 38 ते 39 अंश असते आणि आपल्याला पंखा लागतो त्या हवेत त्याला सुख वाटते. म्हणून अँप्लिफायर ही त्याची गादी. दोन, उंची. उंचावर बसून घरावर नजर ठेवणे त्याच्या स्वभावात आहे. तीन, शिकार. लोंबणारी वायर त्याला शेपटी वाटते आणि घरंगळणारा स्क्रू झुरळ वाटतो. चार, आपण. ज्या वस्तूकडे आपण दोन तास पाहत बसतो, तिथेच त्याला आपले लक्ष सापडते. शिवाय तीन ते सहा महिन्यांच्या वयात पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के येतात. तेव्हा ते दिसेल ते चावते. चिमी त्याच वयाची होती.

एवढे कळल्यावर आम्ही टेबल नव्याने मांडले. पहिली गोष्ट विजेची. टेबलाखाली एकही वायर लोंबती ठेवली नाही. बोर्डापर्यंतची वायर भिंतीवरून पीव्हीसी पाइपातून नेली. आयर्नची वायर वरच्या हुकातून खाली येते, वापरून झाली की गुंडाळून खणात जाते. नुसता स्विच बंद करून आम्ही थांबत नाही, प्लग काढतो. कारण जुन्या वायरिंगमध्ये स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. मग स्विच बंद असूनही वायर जिवंत राहते. टेस्टर लावून एकदा पाहून घ्या.

घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला नसेल तर जरूर बसवा. माणसांसाठीही तो हवाच. पण त्याच्या भरवशावर राहू नका. वीज अंगातून जमिनीत उतरली की तो पडतो. मांजराने दोन तारा एकदम चावल्या तर वीज एका तारेतून दुसरीत तोंडातल्या तोंडात फिरते आणि त्याला पत्ताच लागत नाही. हे वायरमन असून आम्ही विसरलो होतो.

दुसरी गोष्ट आयर्नची. त्याचे टोक साधारण 350 अंशांना तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते. आमच्या मंडळींनी कोंबड्यांचे डालगे त्यावर पालथे घालायला सांगितले. बांबू पेटेल म्हणून आम्ही लोखंडी तारेची टोपली घेतली. जड स्टँड टेबलाला स्क्रूने आवळला, टोपली बिजागरीने वर बसवली. टेबलालाही प्लायवूडचे झाकण केले आणि कडी लावली. आयर्न पुरते थंड झाल्याशिवाय ते झाकण पडत नाही. आणि आयर्न चालू असताना उठायचे नाही. दारात कोणीही येवो, आधी प्लग काढायचा.

तिसरी गोष्ट बारीकसारीक मालाची. मांजराच्या जिभेवर आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. बारीक तार किंवा दोरा एकदा जिभेवर चढला की त्याला थुंकता येत नाही, तो आतच सरकतो आणि आतड्यात अडकतो. असा दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडे कापले जाते. तसाच ठेवून डॉक्टरांकडे न्या. घड्याळाचे, रिमोटचे बटन सेल त्याहून वाईट. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत ती आतून जळू लागते. लहान मुलांनाही तोच धोका. म्हणून आता आमच्याकडे सगळा माल फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांत असतो आणि तारांचे तुकडे मोजून कचऱ्यात जातात.

चौथी गोष्ट विषाची. नेहमीच्या सोल्डरमध्ये कथलाबरोबर शिसे असते. त्याचे कण टेबलावर सांडतात, मांजराच्या केसांना लागतात आणि ते अंग चाटते. काम झाले की टेबल ओल्या फडक्याने पुसावे, साबणाने हात धुवावेत, मगच मांजराला आणि भाकरीला हात लावावा. बोर्ड पुसायचे आयसोप्रोपिल अल्कोहोल वाटीत उघडे ठेवू नये. राळेचा धूर माणसाच्या दम्यालाही वाईट, खिडकी उघडी ठेवावी.

मालाचेही थोडे बोलू. शाळेत कांडी मांजराच्या केसांवर घासून कागदाचे कपटे उचलल्याचे आठवते ना? तीच स्थिर वीज मनी अंगावर घेऊन फिरते. आपल्याला झटका जाणवायला सुमारे 3000 व्होल्ट लागतात, पण काही नाजूक आयसी 100 व्होल्टच्या आतच मरतात. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा धोका कमी, कोरड्या थंडीत जास्त. म्हणून आयसी अँटिस्टॅटिक पिशवीतच ठेवावेत आणि मांजर कुरवाळल्यावर आधी अर्थ केलेल्या धातूला हात लावावा. उलट मांजरालाही मालाचा धोका आहेच. 230 व्होल्टवरच्या सप्लायमधला मोठा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही 300 व्होल्टहून अधिक दाब धरून बसू शकतो. उघडा बोर्ड टेबलावर टाकून जाऊ नका.

एवढे केले तरी मनीला दुसरी जागा दिल्याशिवाय टेबल सुटले नसते. टेबलाशेजारी, त्याहून हातभर उंच फळी ठोकली. त्यावर खोका आणि खोक्यात जुन्या लुगड्याची गोधडी घातली. खिडकीतून ऊन येते, खालचा रस्ता दिसतो, आम्हीही दिसतो. कामाला बसण्याआधी नात दोरीला चिंधी बांधून दहा मिनिटे दोघींना दमवते, मग खायला देते आणि दोरी उचलून ठेवते. दमलेले, पोट भरलेले मांजर झोपते. टेबलावर आल्या तर मारायचे नाही, ओरडायचे नाही, उचलून फळीवर ठेवायचे. महिनाभरात त्या शिकल्या.

आणि तरीही काही घडलेच तर आधी वीज तोडा, मगच जनावराला हात लावा. शॉक लागलेले मांजर चालते-बोलते दिसले तरी लगेच डॉक्टरांकडे न्या. काही गिळले असेल तर दूध किंवा मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. तालुक्याच्या ठिकाणी जनावरांचा सरकारी दवाखाना असतो. त्याचा फोन नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.

आठ दिवसांनी नात बोलली तेव्हा तिचे पहिले वाक्य असे होते, "आजोबा, पुन्हा वायर लोंबती ठेवाल?" आम्ही कान पकडले. आता संध्याकाळी ती आमच्याशेजारी बसून सोल्डरिंग शिकते. उठताना प्लग आम्ही विसरलो तर तीच काढते. फळीवर चिमी झोपलेली असते. ओठाच्या कोपऱ्याशी पांढरा डाग राहिला आहे. तो दिसला की आम्ही एकदा टेबलाखाली वाकून पाहतो.

तुम्हीही आज पाहून घ्या.