पान रिकामे का सोडले?

आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात मुलांची चित्रकला स्पर्धा घेण्याची प्रथा जुनी आहे आणि बदलीच्या निमित्ताने परप्रांती आलेल्या आम्हां मराठी नोकरदारांस तिचा अभिमानही आहे. तथापि या स्पर्धेतून आपण मुलांना नेमके काय शिकवितो, हा प्रश्न आम्ही आज उघडपणे विचारणार आहो. तो विचारण्याचा आम्हांस काही विशेष अधिकार आहे असे नव्हे. उलट, ज्या अन्यायाविषयी लिहावयाचे आहे, त्याच्या कागदावरील अक्षर आमचेच आहे.

गेल्या वर्षी गुण टिपून घेण्याचे काम आमच्याकडे होते. कारकुनाच्या वाट्याला मंडळातही कारकुनीच येते. विषय होता 'माझे आवडते ठिकाण'. दहा वर्षांच्या एका मुलीने रेल्वेचा फलाट काढला. लांबच लांब फलाट, कागदाबाहेर निघून गेलेले रूळ आणि उजव्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा एक माणूस, हातात बॅग घेतलेला. बाकी सारा कागद कोरा. मुलीच्या वडिलांची तीन महिन्यांपूर्वी गुवाहाटीस बदली झाली होती. शाळेसाठी मायलेकी दिल्लीतच राहिल्या होत्या. परीक्षक पदाने मोठे आणि स्वभावाने सज्जन. त्यांनी चित्र हाती घेतले, "पान रिकामे का सोडले?" असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता दहांपैकी तीन गुण सांगितले. आम्ही तीन लिहिले. पहिले बक्षीस डोंगर, सूर्य, नदी आणि झोपडी यांनी काठोकाठ भरलेल्या एका निसर्गचित्रास मिळाले. फलाट हे कुणाचे आवडते ठिकाण कसे असू शकते, असे कुणी विचारले नाही, आम्हीही नाही.

समारंभ उरकल्यावर कागद गोळा करताना ते चित्र आम्ही दिव्यासमोर धरले. तो माणूस निदान तीनदा खोडलेला होता. प्रथम तो कागदाच्या मध्यावर, चांगला मोठा, मिशांसकट काढलेला होता. मग तो लहान होऊन बाजूस सरकला आणि शेवटी कोपऱ्यात गेला. खोडरबराने कागद तेथे पातळ झाला होता. त्या मुलीला रडावयाचे असेल, तर ती कागदावर रडली नाही. वडिलांना कोठे ठेवावयाचे आणि किती मोठे ठेवावयाचे, एवढेच तिने पुन्हा पुन्हा ठरविले. जो कोरा भाग परीक्षकांना आळस वाटला, तो त्या चित्रातील सर्वांत अधिक श्रमाचा भाग होता.

या घटनेवर आमच्या परिचितांत दोन पक्ष पडले आणि दोन्ही आम्हांस मान्य नाहीत. पहिला पक्ष टापटिपीचा. रंग रेघेबाहेर जाऊ नये, पान भरलेले असावे, आकाश निळे असावे. हा पक्ष एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांचा दाखला देतो. त्या परीक्षा आम्हीही दिल्या आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि कर्तव्यभूमिती यांनी हाताला वळण लागते, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु हाताचे वळण म्हणजे मनाचा संयम नव्हे. ज्याच्यापाशी आवरण्यासारखे काहीच नाही, त्याच्या नीटनेटकेपणाला संयम म्हणणे, म्हणजे कोरड्या नदीने धरण न फोडल्याबद्दल तिची स्तुती करणे होय.

दुसरा पक्ष मोकळेपणाचा. मुलांना रंग द्या, स्पर्धा बंद करा, मनात येईल ते ओतू द्या, असे तो म्हणतो. ऐकावयास हे उदार वाटते. पण ओतणे ही जर कला असती, तर त्या मुलीने पहिलाच माणूस ठेवला असता आणि तो फलाटावरचा कुणीही मनुष्य ठरला असता. तो दूर गेला आहे हे आम्हांस कळले, ते खोडरबरामुळे. भावना आणि संयम या दोन सवती नव्हेत. भावनेला कागदावर उभे राहण्यासाठी जी जमीन लागते, तिचेच नाव संयम.

हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी 1924 मध्ये 'पूरबी'च्या हस्तलिखितात कवितेतील खोडलेले शब्द रेषांनी एकमेकांस जोडले आणि त्या खोडाखोडीतून विलक्षण आकृती उभ्या केल्या. चित्रकलेचे रीतसर शिक्षण नसलेल्या या कवीचे पहिले चित्रप्रदर्शन 1930 मध्ये पॅरिसला भरले, तेव्हा तो सत्तरीच्या जवळ पोहोचला होता. शब्द खोडणे हा लेखकाचा संयम; त्याच खोडण्यातून त्यांच्या मनातील प्राणी, चेहरे, सावल्या बाहेर आल्या. आवेग कोणता आणि आवर कोणता, हे त्या पानांवर वेगळे करून दाखविता येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. वासुदेव गायतोंडे 1924 मध्ये नागपुरास जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि 1970 च्या दशकात दिल्लीस येऊन निजामुद्दिनात राहिले. वर्षाकाठी मोजकीच चित्रे. रोलरने रंगाचे थर चढवावयाचे, सुरीने ते काढावयाचे, आणि हात लावण्यापूर्वी दीर्घकाळ नुसते थांबावयाचे. 1984 च्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहणे कठीण झाले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटने केली. 2001 मध्ये ते दिल्ली परिसरातच वारले. निजामुद्दिनाच्या पुलावरून रोज कचेरीला जाणाऱ्या आमच्यापैकी कितीजणांस त्यांचे नाव ठाऊक होते? बहुतेकांस ते कळले 2013 मध्ये, मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला 23 कोटींवर किंमत आली तेव्हा. म्हणजे रिकाम्या वाटणाऱ्या पानाला आम्हीही पूर्ण गुण देतो. फक्त आकडा आधी दुसऱ्या कुणी तरी सांगावा लागतो.

आणि प्रभाकर बरवे? तेही आपल्यासारखेच केंद्र सरकारच्या चाकरीत, विणकर सेवा केंद्रात होते आणि 1960 च्या दशकात काही वर्षे त्यांनी बनारसला काढली. पुढे त्यांनी 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत लिहिले. बदलीच्या गावाला 'शिक्षेची जागा' म्हणणाऱ्या आम्ही त्यांचे स्मरण अधूनमधून करावे.

येथे कुणी म्हणेल, परीक्षकाला काही मोजमाप तर हवेच. मान्य. म्हणूनच आमच्या मागण्या साध्या आहेत. पान भरल्याचे गुण बंद करावेत. गुण देण्यापूर्वी मुलाला एक प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर ऐकावे. खोडलेल्या जागा दोष म्हणून नव्हे, काम म्हणून पाहाव्यात. वर्षातून एका रविवारी मुलांना जयपूर हाउसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात न्यावे आणि परीक्षकांनाही सोबत घ्यावे.

कारण खरा प्रश्न मुलांचा नसून आमचा आहे. भावना आवरणे आम्हांस चांगले येते. घरून वाईट बातमी आली तरी आम्ही रजेचा अर्ज चार ओळींत, विहित नमुन्यात लिहितो. पण आवरलेले ते पुढे कोठे जाते? पूर्वी फायलीच्या समासात एखादी वेल, एखादा डोळा निघत असे. संगणकावरील फायलीला समासही उरला नाही. त्या मुलीने आवरले आणि दाखविलेही. आम्हांस अर्धेच साधते, आणि जे साधते त्यालाच आम्ही शिस्त म्हणतो.

यंदाही नावे नोंदविण्याचे काम आमच्याकडेच आहे. मुदत संपण्यास चार दिवस उरले आहेत. त्या मुलीचे नाव अद्याप आलेले नाही.