मिलो खाल्लेल्याचं म्हणणं

१९७२ च्या दुष्काळात मी दहा-बारा वर्षांचा होतो. रेशनवर परदेशातली तांबडी मिलो यायची. तिची भाकरी थापतानाच फुटायची. आई बंडिंगच्या कामावर जायची, तिथली सुकडी पदरात बांधून आम्हाला आणायची. तवापासून धान्याची राखण काय असती, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

आता राखण कशी होते बघा. शहरात कांदा महागला, म्हणून ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद. ४ मे २०२४ ला उठवली, तीही ४० टक्के शुल्क लावून. तवर आमच्या वखारीतला माल मातीमोल गेला. गारपीट झाली तर तलाठी पंचनामा तरी करतो. ह्याचा पंचनामा कुणी करायचा?

शहरातल्या भावांनो, तुमचे चार पैसे वाचले, मान्य. पण बुडालेला गडी पुढच्या साली ऊस लावतो. घोडचं पाणी आहे तवर ऊस येईल. पुन्हा बहात्तर आलं तर काय, ऊस चघळायचा?

माझी दोन एकर ज्वारी अजून उभी आहे. पोरं म्हणतात, नाना, परवडत नाही. खरंच परवडत नाही.