मैदान वर्षभर हवे : दिव्यांगांच्या खेळ व विरंगुळ्याच्या हक्काचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, सोलापूर

विषय : शहर व जिल्ह्यातील मैदाने, जलतरण तलाव, बागा व नाट्यगृहे दिव्यांग व्यक्तींना नियमितपणे वापरता यावीत याबाबत.

महोदय,

दर वर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आमच्यासाठी मंडप पडतो. शर्यती होतात, गोळाफेक होते, टोप्या आणि प्रमाणपत्रे वाटली जातात, पाहुण्यांची भाषणे होतात. त्या दिवसाबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न ४ डिसेंबरचा आहे. आदल्या दिवशी गोळाफेकीत पहिला आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला खेळायला कुठे जाणार? त्याला शिकवणार कोण? त्याची व्हीलचेअर मैदानाच्या दारातून आत जाणार का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळावीत म्हणून दिव्यांग व्यक्ती, त्यांचे पालक, विशेष शिक्षक आणि खेळाडू यांच्या आमच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करीत आहोत.

मागणीमागची वस्तुस्थिती

२०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या पुढे होती आणि देशातील दिव्यांगांचे प्रमाण २.२१ टक्के होते. तेच प्रमाण शहराला लावले तर सुमारे एकवीस हजार माणसे होतात. त्या गणनेत दिव्यांगत्वाचे आठच प्रकार धरले होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. म्हणजे खरा आकडा याहून मोठाच असणार.

या एकवीस हजारांत सगळ्यांची गरज सारखी नाही. पोलिओने पाय गेलेली पिढी आता चाळिशी-पन्नाशी ओलांडून गेली आहे; २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आजच्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व असलेली मुले आहेत. पुणे-हैदराबाद आणि विजापूर महामार्गांवरच्या अपघातांत मणक्याला मार बसून ऐन तारुण्यात व्हीलचेअरवर आलेले तरुण आहेत. 'दिव्यांगांचे खेळ' म्हणून एकच शर्यत ठेवून या सगळ्यांची सोय होत नाही.

गुणवत्तेचा प्रश्न तर आमच्याच जिल्ह्याने निकालात काढला आहे. शाळकरी वयात विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावलेले करमाळा तालुक्याचे सुयश जाधव २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकमध्ये पोहले, २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी बटरफ्लाय प्रकारात सुवर्ण जिंकले आणि २०२० च्या अर्जुन पुरस्काराचे ते मानकरी ठरले. सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणले. त्याच सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्येच हायडेलबर्गला पोहण्यात भारताचे पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण मिळवले होते. पण सुयश यांचा स्पर्धात्मक सराव पुण्यात झाला. ज्याच्या घरच्यांना पुण्याला मुक्काम हलवणे परवडत नाही त्याने काय करायचे? पदकानंतर मिरवणूक काढायला सारे गाव असते. पदकाआधीच्या दहा वर्षांत मात्र फक्त आई-वडील असतात.

आणि पदक हा आमच्या मागणीचा शेंडा आहे, बुंधा नव्हे. बहुतेकांना पॅरालिंपिकला जायचे नाही. त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा घाम गाळायचा आहे, मित्र जोडायचे आहेत, जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, फिरायचे आहे आणि रविवारी नाटक पाहायचे आहे.

कायदा काय सांगतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० नुसार खेळांत दिव्यांगांचा परिणामकारक सहभाग घडवून आणणे ही शासनाची जबाबदारी आहे. सुविधांची फेररचना, प्रशिक्षणासाठी निधी आणि दिव्यांगत्वानुरूप स्पर्धा या तिन्हींचा त्यात उल्लेख आहे. कलम २९ करमणूक आणि सांस्कृतिक जीवनाबद्दल हेच सांगते. कलम ४५ ने अस्तित्वातील सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले. मुदत जून २०२२ मध्ये सरली. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष करण्यास केंद्राला सांगितले. त्यामुळे 'सवडीने करू' हे उत्तर आता कायद्यात बसत नाही.

आमच्या मागण्या

१. वेळापत्रकात ठरलेली वेळ द्या. कुमठा नाक्यावरील जिल्हा क्रीडा संकुल आणि पार्क मैदानावरील इंदिरा गांधी स्टेडियम येथे आठवड्यातून किमान तीन सत्रे राखून ठेवावीत व ती वर्षभर चालवावीत. या सत्रांत भावंडे आणि मित्रही खेळतील. आम्हाला वेगळा कोपरा नको, हमखास वेळ हवी. वेळ ठरवताना सोलापूरचा उन्हाळा ध्यानात घ्यावा. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा उन्हात ठेवलेल्या व्हीलचेअरच्या कडीला हात लावता येत नाही. मणक्याला वरच्या बाजूस दुखापत झालेल्या माणसाला दुखापतीखालच्या भागात नीट घाम येत नाही; शरीर तापते आणि त्याला चटकन कळतही नाही. म्हणून मार्च ते जूनमध्ये सत्रे सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर, सावली व पिण्याच्या पाण्यासह घ्यावीत. वेळापत्रकाचा फलक मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही असावा. शहराच्या पूर्वभागातल्या विणकर आणि विडी कामगार घरांपर्यंत निरोप त्यांच्या भाषेत पोचला पाहिजे.

२. दार आणि वाट मोकळी करा. शहरातल्या एका बागेच्या दारात मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून लोखंडी पाइपांचे नागमोडी अडसर लावले आहेत. मोटारसायकलवाला चाक उचलून, वाकडेतिकडे करून आत जातोच. व्हीलचेअर मात्र पहिल्याच वळणावर अडकते. आत सुंदर रॅम्प आहे, पण तिथवर जायचे कसे? अशा गोष्टी नकाशावर दिसत नाहीत. म्हणून सर्व मैदाने, बागा, तलाव व नाट्यगृहांची पाहणी आमच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन करावी. त्यात व्हीलचेअर वापरणारी, अंध आणि कर्णबधिर व्यक्ती प्रत्येकी एक तरी असावी. रॅम्पचा चढ एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी असा असावा, दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी आणि स्वच्छतागृहात व्हीलचेअर वळवायला पाच फुटांचे वर्तुळ मिळावे. स्वच्छतागृहाला कुलूप लावून किल्ली रखवालदाराकडे ठेवण्याची पद्धत बंद व्हावी.

३. पाण्यात उतरू द्या. पायांतली ताकद गेलेल्या माणसाला पाण्यात शरीर हलके होते, सांधे मोकळे होतात. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात याहून सोसणारा व्यायाम नाही. मार्कंडेय जलतरण तलावापासून सुरुवात करून महापालिकेच्या तलावांत कठड्यासह रुंद पायऱ्या किंवा माणसाला झोळीतून पाण्यात उतरवणारी उचलयंत्रणा, न घसरणारी फरशी आणि बाकाची सोय असलेली कपडे बदलण्याची खोली असावी. सोबतच्या मदतनिसाकडून शुल्क घेऊ नये. इतरांकडून मागितली जात नाहीत अशी वैद्यकीय प्रमाणपत्रे आमच्याकडून मागू नयेत.

४. खेळ आणि साहित्य आणा. नवे स्टेडियम बांधायची गरज नाही. व्हीलचेअर बास्केटबॉल नेहमीच्याच मैदानावर, नेहमीच्याच उंचीच्या रिंगवर खेळतात. अंधांचा गोलबॉल १८ बाय ९ मीटरच्या, म्हणजे व्हॉलीबॉलएवढ्याच आखणीत होतो. चेंडूत घुंगरू असतात आणि प्रेक्षकांनी तेवढी शांतता पाळायची. बैठ्या व्हॉलीबॉलसाठी आखणी लहान केली आणि जाळे खाली बांधले की झाले. हातापायांवर ताबा कमी असलेल्यांसाठी बोच्चा हा खेळ सभागृहातही होतो. कर्णबधिर मल्लाला आपल्या तालमीत आजही कुस्ती खेळता येईल. पंचांनी शिट्टीबरोबर हाताची खूण करायची. अंधांच्या क्रिकेटचा खुळखुळता चेंडू काही हजारांचा नसतो, आणि त्याच खेळात भारतीय महिलांनी २०२५ मध्ये पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. महाग आहे ती खेळाची व्हीलचेअर : तिरक्या चाकांची, मागे न उलटणारी. दवाखान्यातली खुर्ची घेऊन बास्केटबॉल होत नाही. अशा बारा खुर्च्या, गोळाफेकीचे बैठे आसन आणि आवाजी चेंडू यांची साहित्य बँक संकुलात ठेवावी. दुरुस्तीची चिंता नको. पंक्चर, आरे आणि बेअरिंग सोलापूरचा कोणताही सायकलवाला बघेल.

५. प्रशिक्षक तयार करा. किमान चार प्रशिक्षकांना पॅरा क्रीडा प्रकार, खेळाडूंचे वर्गीकरण आणि सांकेतिक भाषेची तोंडओळख यांचे प्रशिक्षण द्यावे. त्यात दोन महिला असाव्यात आणि एक पद दिव्यांग खेळाडूसाठी राखावे.

६. मुलींचा वेगळा विचार करा. मुलाला उचलून रिक्षात घालणारे वडील मुलीला मैदानावर पाठवताना कचरतात. स्वच्छतागृह, कपडे बदलायची जागा आणि महिला मदतनीस यांवर त्यांचा होकार अवलंबून असतो. या तिन्हींची हमी देऊन आठवड्यातले एक सत्र मुली व महिलांसाठी राखावे.

७. ने-आणीची सोय करा. एस.टी.त तिकिटाला ७५ टक्के सवलत आहे, पण बसस्थानक ते मैदान हा टप्पा रिक्षानेच करावा लागतो आणि तिथे सवलत नाही. सत्रांच्या दिवशी ठरलेल्या मार्गावर रॅम्प असलेले एक वाहन फिरवावे.

८. विरंगुळ्यालाही जागा द्या. सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा पाहण्यासाठी गर्दीपासून सुरक्षित असा उंच चौथरा, आणि होम मैदानावरील गड्ड्यात सहा फुटी टणक वाट असावी, जिच्यावर वायरी आडव्या पडलेल्या नसतील. यात्राकाळात दोन दिवस दुपारी चार ते सहा पाळणे आणि कर्णे यांचा आवाज कमी ठेवल्यास स्वमग्न मुलांनाही गड्डा पाहता येईल. याबाबत प्रशासनाने देवस्थान समितीशी बोलावे. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात व्हीलचेअरच्या जागा कुटुंबाच्या शेजारी असाव्यात, एकट्याच्या कोपऱ्यात नकोत. महापालिकेच्या बागांत दिव्यांग मुलांना बसता येईल असा एक तरी झोपाळा आणि स्पर्श करता येईल असा सुगंधी झाडांचा वाफा असावा.

९. तालुके विसरू नका. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, करमाळा आणि सांगोला येथे दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला एक सत्र सुरू करावे. पुढचा सुयश कुठल्या गावात आहे हे आज कुणालाच ठाऊक नाही.

१०. पैसा आणि हिशेब उघड ठेवा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी खर्च करायचा आहे. त्याचा किमान दहावा हिस्सा खेळ व विरंगुळ्यासाठी राखावा. रॅम्प व स्वच्छतागृहांचा खर्च मात्र यातून करू नये. इमारत सुगम्य ठेवणे ही बांधकाम विभागाची मूळ जबाबदारी आहे. ती आमच्या निधीतून भागवली तर एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेतल्यासारखे होईल. दर तिमाहीला खर्च आणि सत्रांची उपस्थिती संकेतस्थळावर जाहीर करावी. तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव प्रत्येक मैदानाच्या दारात लिहावे.

नेहमीच्या दोन हरकती

'सोय केली तरी येतात किती?' असे आम्हाला विचारले जाते. ज्या दारातून आत जाता येत नाही तिथली हजेरी शून्यच असणार. त्या शून्यावरून मागणी ठरवू नये. सत्रे सहा महिने सलग चालवा, मग हजेरी मोजा.

'काही झाले तर जबाबदार कोण?' ही दुसरी हरकत. जोखीम प्रत्येक खेळात असते. तिच्यासाठी प्रशिक्षक, विमा आणि प्रथमोपचार असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. लुडविग गुटमान यांनी इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मणका मोडलेल्या सैनिकांना उपचाराचाच भाग म्हणून खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी तिथे झालेल्या सोळा खेळाडूंच्या धनुर्विद्येच्या छोट्या स्पर्धेतून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. जोखमीचे कारण देऊन त्या सोळा खेळाडूंना खाटेवरच ठेवले असते, तर पेटकरांना पोहायला स्पर्धाच मिळाली नसती.

आमची बाजू आणि मुदत

आम्ही फक्त मागणारे नाही. पाहणीसाठी माणसे, सत्रांसाठी स्वयंसेवक, प्रशिक्षकांना सांकेतिक भाषा शिकवायला शिक्षक आणि वस्तीवस्तीत जाऊन नावनोंदणी हे काम आमची संघटना विनामोबदला करील. नव्या रॅम्पचे बिल मंजूर होण्याआधी त्यावर व्हीलचेअर चालवून दाखवण्याचीही आमची तयारी आहे.

या पत्रापासून ३० दिवसांत चारही कार्यालयांची आमच्यासोबत संयुक्त बैठक व्हावी आणि समन्वय अधिकारी नेमावा. ९० दिवसांत पाहणी पूर्ण होऊन क्रीडा संकुलातील सत्रे सुरू व्हावीत. तलाव, स्वच्छतागृहे आणि साहित्य बँक एका वर्षात पूर्ण व्हावी. तसे न झाल्यास आम्ही राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे रीतसर तक्रार दाखल करू.

दहा मागण्यांतली पहिली मागणी पूर्ण करायला निविदा लागत नाही, मंजुरी लागत नाही, बांधकाम लागत नाही. वेळापत्रकात तीन ओळी वाढवाव्या लागतात. बैठकीच्या दिवशीच त्या तीन ओळी लिहाव्यात, बाकीच्या नऊ मागण्यांवर आम्ही मैदानात बसून बोलू.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
सोलापूर