शेतकऱ्याचे उत्तर विद्यापीठाच्या दप्तरी

कृषी विद्यापीठाचे कार्य शिक्षण, संशोधन आणि विस्तार या तीन अंगांनी चालते, आणि त्यांपैकी विस्तार, म्हणजे प्रयोगशाळेत व प्रक्षेत्रावर सिद्ध झालेले ज्ञान शेतकऱ्यापर्यंत व अन्नपदार्थ तयार करणाऱ्या उद्योजकापर्यंत नेण्याचे काम, हे बहुतेकदा शेवटचे आणि दुय्यम मानले जाते. संशोधन पूर्ण झाले की त्याची पुस्तिका काढायची, ते मेळाव्यात मांडायचे आणि नभोवाणीवरून सांगायचे, अशी ही एकेरी वाहतूक आहे असा समज त्यामागे असतो. बंगळूर परिसरातील शतकाहून अधिक काळाच्या अनुभवाकडे पाहता हा समज टिकत नाही. तेथे जे ज्ञान शेतात रुजले, त्याच्या घडणीत शेतकऱ्याच्या गरजेचा, त्याच्या जुन्या रीतीचा आणि ग्राहकाच्या जिभेचाही वाटा होता.

या परंपरेचा आरंभ बंगळूरच्या कृषी विद्यापीठाच्या स्थापनेच्या कितीतरी आधीचा आहे. १८९९ मध्ये म्हैसूर संस्थानच्या रीजंट महाराणी वाणीविलास सन्निधान यांच्या कारकिर्दीत बंगळूरच्या हेब्बाळ येथे ३० एकर जमिनीवर प्रयोगक्षेत्र उभे राहिले आणि त्याच सुमारास संस्थानाने डॉ. लेहमान या रसायनतज्ज्ञाकडे शेतीविषयक संशोधन सोपवले. त्यांच्यानंतर आलेले कॅनडाचे डॉ. लेस्ली कोलमन यांचा सुपारीच्या कोळेरोगावरील अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. कोळेरोग म्हणजे पावसाळ्यात कोवळी सुपारी कुजवून गळून पाडणारा बुरशीजन्य रोग, जो कोकणातील बागायतदारांनाही चांगला ठाऊक आहे. मलनाडातील, म्हणजे कर्नाटकाच्या डोंगराळ पश्चिम भागातील, शेतकरी त्यापूर्वीही स्वस्थ बसलेले नव्हते. पावसापूर्वी प्रत्येक घडावर ‘कोट्टे’ नावाची टोपी बांधून ते घड कोरडा ठेवत असत, म्हणजे ओल हेच रोगाचे कारण आहे हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. कोलमन यांनी त्या ओलीत वाढणाऱ्या बुरशीचा अभ्यास केला आणि मोरचूद व चुना यांपासून बनणाऱ्या बोर्डो मिश्रणाची फवारणी सुचवली, तर मुसळधार पावसात औषध धुऊन जाऊ नये म्हणून त्यात राळ मिसळण्याची रीतही मलनाडात रूढ झाली. येथे शास्त्राने शेतकऱ्याचे निरीक्षण खोडून काढले नाही, तर त्याच्यामागील कारण स्पष्ट करून त्याला अधिक सोपे साधन दिले.

१९६४ मध्ये बंगळूरचे कृषी विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्यापुढे अमेरिकेतील भूदान विद्यापीठांचा, म्हणजे १८६२ च्या कायद्यान्वये सरकारी जमिनीच्या आधारावर उभारलेल्या आणि स्थानिक शेतीशी बांधिलकी मानणाऱ्या विद्यापीठांचा नमुना होता. शिकवणारा, संशोधन करणारा आणि गावात जाऊन सांगणारा हे सर्व एकाच संस्थेत असले, तर गावातील प्रश्न वर्गात व प्रयोगशाळेत आपोआप येईल, ही त्या नमुन्यामागील मूळ कल्पना होय. आज या विद्यापीठाच्या गांधी कृषी विज्ञान केंद्र परिसरात, ज्याला सर्वजण जीकेव्हीके म्हणूनच ओळखतात, दरवर्षी बहुधा नोव्हेंबरात कृषी मेळा भरतो. कोलार, चिक्कबळ्ळापूर, तुमकूर, मंड्या अशा जिल्ह्यांतून लोक त्यासाठी येतात आणि उभ्या पिकांमधून हिंडत वाण पाहतात. छापील शिफारस वाचण्यापेक्षा कणीस हातात घेऊन पाहणे शेतकऱ्याला अधिक विश्वासाचे वाटते, आणि मेळ्याचे खरे बळ त्यातच आहे.

या प्रदेशाचे मुख्य कोरडवाहू अन्न असलेल्या नाचणीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. नाचणीचा फुलोरा इतका बारीक असतो आणि त्यात स्वपरागीभवन इतक्या मोठ्या प्रमाणात होते की, दोन जातींचा संकर करणे हेच मुळात चिकाटीचे काम ठरते. मंड्याच्या विश्वेश्वरय्या कालवा प्रक्षेत्रावर काम करणाऱ्या सी. एच. लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर घडवून ‘इंडाफ’ मालिकेतील वाण निर्माण केले, आणि त्यांमुळे कर्नाटकातील नाचणीचे उत्पादन लक्षणीय वाढले. पुढे करपा, म्हणजे पान, कणसाची मान आणि बोटे जाळून दाणे पोचट करणारा बुरशीजन्य रोग, हा मोठा अडसर ठरला, तेव्हा १९९० च्या दशकात बंगळूरहूनच करप्याला दाद न देणारा ‘जीपीयू २८’ हा वाण पुढे आला. असे वाण स्वीकारताना शेतकरी केवळ दाण्याचा उतारा पाहत नाही. ज्या घरात दुभती जनावरे आहेत, तेथे काडाची उंची व मऊपणाही तोलला जातो, कारण नाचणीचे काड हा त्या जनावरांचा महत्त्वाचा चारा आहे. पैदासकाराच्या तक्त्यात चाऱ्यासाठी वेगळा रकाना असणे का आवश्यक आहे, हे शेतकऱ्याच्या या निवडीतून कळते.

ज्ञान उलट्या दिशेनेही वाहते, याचा पुरावा कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातील ‘गुळी रागी’ या रीतीत सापडतो. तेथील शेतकरी शेतात चौकोनी आखणी करून रेषा छेदतात तेथे शेणखत घालून रोपे लावतात आणि रोपे कोवळी असताना त्यांच्यावरून ‘कोरडू’ नावाचा हलका लाकडी ओंडका फिरवतात. रोपे वाकतात, त्यांना बुडातून अधिक फुटवे येतात, आणि फुटवे वाढले की कणसेही वाढतात. ही रीत शेतकऱ्यांनी स्वतः घडवली. अशा रीतीची नोंद घेणे, ती वेगवेगळ्या जमिनींत तपासणे आणि जेथे लागू पडेल तेथील शेतकऱ्यांना सांगणे, हाही विस्ताराचाच भाग समजला पाहिजे.

ग्राहकाची जीभ संशोधनाला कशी वळण देते, हे अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या कुळातील शेंगेच्या, बाबतीत दिसते. पारंपरिक अवरेला दिवस लहान झाल्यावरच फुले येतात, त्यामुळे तिची आवक मुख्यतः थंडीतच होत असे. हेब्बाळला विकसित झालेल्या ‘हेब्बाळ अवरे ३’ आणि ‘हेब्बाळ अवरे ४’ या वाणांनी दिवसाच्या लांबीचे हे बंधन सैल केले आणि ती वर्षातील इतर महिन्यांतही घेणे शक्य झाले. तथापि बंगळूरचा ग्राहक शेंग हातात घेऊन आधी तिचा वास घेतो. शेंगेच्या सालीवरील तेलकट, चिकट द्रवाचा जो दरवळ असतो त्याला तेथे ‘सोगडु’ म्हणतात, आणि बाजारातील पसंती त्यावर ठरते. म्हणून पैदासकारांनाही हा सुगंध अभ्यासाचा आणि निवडीचा विषय मानावा लागला.

अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात तर हा संवाद अधिकच फलदायी ठरतो. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, हलकेच भाजून दळली की जे सत्त्व मिळते ते मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या तान्ह्या बाळाला दिले जाते. मोड येताना धान्यात ॲमायलेझ नावाचे विकर तयार होते, ते पिष्टाचे विघटन करते, आणि त्यामुळे पेज दाट न होता तिच्यात अधिक पीठ मावते, म्हणजेच बाळाच्या लहानशा पोटाला तेवढ्याच घासांत अधिक पोषण मिळते. आजीच्या या रीतीमागील कारण अन्नशास्त्राने उलगडल्यावर ती लघुउद्योगाच्या प्रमाणावर, एकसारख्या गुणवत्तेने करणे शक्य झाले. नाचणीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन, नसते, त्यामुळे तिची बिस्किटे किंवा पाव करताना मिश्रणाचे प्रमाण शिकावे लागते. हेब्बाळ येथील विद्यापीठाच्या बेकरी प्रशिक्षणात मिळणारे असे ज्ञान छोट्या उत्पादकाला अतिशय मोलाचे असते, कारण फसलेल्या घाण्याचा खर्च त्याला सहज पेलत नाही.

ज्ञान देणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा, हा या विषयाचा न्यायाचा भाग आहे. तुमकूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या बागेतील लाल गऱ्यांच्या फणसाची निवड बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘सिद्दू’ या नावाने पुढे आणली, तेव्हा २०१७ मध्ये झालेल्या करारात कलमांच्या विक्रीतून येणाऱ्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा त्या शेतकरी कुटुंबाला देण्याचे ठरले. ही संस्था विद्यापीठ नसली, तरी तिचा हा निर्णय प्रत्येक विद्यापीठाने अनुसरावा असा आहे, कारण त्यात शेतकऱ्याला लाभार्थी न मानता ज्ञानाचा धनी मानले आहे.

महाराष्ट्रातील राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी या चार कृषी विद्यापीठांकडेही अशा संवादाची साधने तयार आहेत. अकोल्याची शिवार फेरी शेतकऱ्यांना थेट प्रक्षेत्रावर आणते. ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात अंतिम वर्षाचे विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात काम करतात. आणि चारही विद्यापीठांचे नवे वाण व शिफारशी दरवर्षी जॉइंट ॲग्रेस्को या संयुक्त समितीच्या बैठकीत मंजूर होतात. उणीव आहे ती या तीन गोष्टींना जोडणाऱ्या दुव्याची. कृषिदूतांनी गावात केवळ प्रात्यक्षिके न दाखवता शेतकऱ्यांच्या रीती, नापसंती आणि प्रश्न पद्धतशीर नोंदवावेत, शिवार फेरीत आलेल्यांनी कोणता वाण का नाकारला हे लिहून घ्यावे, आणि वाण मंजुरीस ठेवताना उत्पादनाच्या आकड्यांशेजारी चारा, चव व प्रक्रियेची योग्यता यांबद्दलचे शेतकरी, गृहिणी आणि लघुउद्योजक यांचे मतही समितीपुढे यावे. यासाठी नव्या इमारती लागणार नाहीत, मोठा निधीही लागणार नाही. जी माणसे आज गावात जात आहेत, त्यांना ऐकण्याचे काम सोपवणे पुरेसे आहे.

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाचे यश किती वाण प्रसृत झाले आणि मेळ्याला किती गर्दी झाली यावरून मोजणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. शेतकऱ्याने विचारलेल्या किती प्रश्नांवर पुढच्या हंगामात प्रयोग उभा राहिला आणि त्याचा निष्कर्ष त्याच गावात जाऊन सांगितला गेला, याचा हिशोब दरवर्षी जाहीर करण्याची शिस्त प्रत्येक कृषी विद्यापीठाने स्वतःला लावून घेतली पाहिजे, कारण ज्याच्या शेतात या ज्ञानाची अखेरची परीक्षा होते, त्याला त्या हिशोबाचा हक्क आहे.