एकच ॲप दिसतं, म्हणून एकच ॲप चालतं का?

मुख्य कार्यालयात एक विंडोज सर्व्हर, त्यावर टॅली आणि दोन-चार शाखांतून लॉगिन करणारे लेखनिक ही मांडणी महाराष्ट्रातल्या व्यापारी पेढ्यांत आता सर्रास दिसते. लेखनिकाच्या पडद्यावर फक्त टॅलीची विंडो येते. डेस्कटॉप नाही, स्टार्ट मेनू नाही. ‘टॅलीशिवाय काही दिसतच नाही, मग कोण काय बिघडवणार?’ असं मालकाला सांगितलं जातं आणि त्यालाही ते पटतं. पण हा युक्तिवाद मुळातच चुकीचा आहे.

मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर 2008 मध्ये ‘रिमोटॲप’ आणलं. सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम आपल्याच संगणकावर चालतोय असं वाटावं, एवढ्यासाठी ती सोय आहे. विंडो एकच दिसत असली, तरी तिच्यामागे सर्व्हरवर त्या खात्याचं पूर्ण सत्र सुरू झालेलं असतं आणि खात्याचे सगळे अधिकार त्या सत्राला मिळालेले असतात.

याचा पडताळा मिनिटभरात घेता येतो. ॲपमधला ‘फाइल उघडा’ हा नेहमीचा चौकोन उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ टाइप करून एंटर दाबावं. वेगळे निर्बंध घातले नसतील, तर कमांडची काळी विंडो समोर येते. कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबल्यावर टास्क मॅनेजरची वाट मोकळी होते आणि तिथून नवा प्रोग्रॅम सुरू करता येतो. अहवालांसाठी सर्व्हरवर एक्सेल बसवलं असेल, तर मॅक्रोची एक ओळही तेच काम करते. ‘पण आम्ही ड्राइव्ह लपवले आहेत,’ असं कोणी म्हणेल. त्या सेटिंगच्या वर्णनात खुद्द मायक्रोसॉफ्टनेच बजावलं आहे, की त्याने फक्त चिन्हं हटतात, आतल्या मजकुरापर्यंत इतर मार्गांनी पोचता येतं.

युनिक्सच्या जगातही हेच घडलं आहे. खातेदाराला कोडची देवाणघेवाण सोडून दुसरं काही करता येऊ नये, यासाठी गिट या कोड सांभाळणाऱ्या प्रणालीत ‘गिट-शेल’ आहे. परवानगी असलेल्या कमांडला मदतीचा पर्याय जोडला की मदतीचं पान ‘लेस’ या प्रोग्रॅममध्ये उघडतं आणि लेसमधून बाहेरच्या कमांड चालवता येतात, हे 2017 च्या मे महिन्यात उघड झालं. म्हणजे मदतीच्या पानातून बंदोबस्ताबाहेर पडता येत होतं! गिटला तातडीने दुरुस्ती करावी लागली.

दुसरा आक्षेप विश्वासाचा. ‘आमची माणसं घरची आहेत, त्यांना यातलं काही कळत नाही.’ माणसं प्रामाणिक असतीलच, पण त्यांचा पासवर्ड चोरणारा प्रामाणिक नसतो. चोराला खात्याचे सगळे अधिकार आयते मिळतात आणि सर्व्हर सामायिक असल्यामुळे एका शाखेच्या चुकीची झळ सगळ्या शाखांना बसते.

मग ‘एकच ॲप’ ही कल्पनाच टाकून द्यायची का? मुळीच नाही. वापरणाऱ्याचा गोंधळ कमी होतो, चुकीच्या जागी बोट पडण्याची शक्यता घटते. फक्त मर्यादा पडद्याआधी खात्याच्या अधिकारांत घातली पाहिजे. प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर यांनी 1975 सालीच मांडलं होतं.

ते प्रत्यक्षात उतरवणंही शक्य आहे. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्यासाठीच्या ओपनएसएसएचमध्ये 2008 पासून खातेदाराला एका फोल्डरात कोंडून फक्त फाइलींची ने-आण करू देता येते. त्यासाठी त्याला शेल, म्हणजे कमांड चालवण्याची सोय, द्यावीच लागत नाही. विंडोजवर, कोणते प्रोग्रॅम चालू द्यायचे हे ठरवणारं ॲपलॉकर आहे. मात्र त्याचे मूळ नियम विंडोज फोल्डरातलं सगळं चालू देतात, म्हणजे कमांड विंडो आणि पॉवरशेलही. त्यामुळे नियम हाताने आवळावे लागतात. टॅलीच्या नेहमीच्या मांडणीत डेटाच्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी लेखनिकाच्या खात्याला द्यावीच लागते. म्हणून तिथे ॲपलॉकरच्या जोडीला, त्या खात्याचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी रोजचा बॅकअप हवाच. क्लिपबोर्ड आणि स्थानिक ड्राइव्हची जोडणीही गरज नसेल तर बंद ठेवावी.

यात मेहनत आहे. ॲपची नवी आवृत्ती आली की नियम तपासावे लागतात, एखाद्या दिवशी प्रिंटही अडते. पण वर्षभराचे हिशेब एका रात्रीत हातचे जाण्यापेक्षा हा त्रास कितीतरी हलका आहे.

म्हणून मालकांनी सर्व्हर सांभाळणाऱ्यासमोर बसून शाखेच्या साध्या खात्याने लॉगिन करावं आणि वरच्या तिन्ही वाटा स्वतः तपासाव्यात. त्यातली एक जरी उघडी निघाली, तरी ती बंद झाल्याशिवाय त्याचं बिल चुकतं करू नये.