नारळ फुटला, विमा राहिला

गेल्या दसऱ्याला दादाने जुनी मोटार घेतली. हार घातला, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. विम्याची मुदत मात्र संपलेली! "उद्या उतरवू, आज देवळापर्यंत जाऊन येऊ," दादा म्हणाला. मीही ऐटीत शेजारी बसलो. वाटेत एक शाळकरी पोर आडवे आले. दादाने करकचून ब्रेक दाबला. पोर थोडक्यात वाचले.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थांसाठीचा विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण प्रश्न दंडाचा नाही. हा विमा आपल्या गाडीसाठी नसतोच. तो रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी असतो. त्या पोराच्या आईबापांच्या हातावर आम्ही काय ठेवले असते? खोबऱ्याचा प्रसाद?

मित्रहो, आधी विमा, मग किल्ली!